बर्ली तंबाखूचे मिश्रण कसे जोखावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूरचे एक वाचक बरीच वर्षे पाइपमध्ये व्हर्जिनिया (भट्टीत वाळवलेला, गोडसर तंबाखू) आणि सुवासिक मिश्रणे ओढत आले आहेत. त्यांनी नातेवाइकांकरवी परदेशातून बर्लीची, म्हणजे हवेशीर सावलीत वाळवलेल्या एका जातीच्या तंबाखूची, तीन मिश्रणे मागवली. पहिले अमेरिकी पद्धतीचे, बारीक कापाचे; दुसरे निव्वळ बर्लीचा फ्लेक, म्हणजे पाने दाबून कापलेल्या पातळ चकत्या; तिसरे पेरिक नावाचा आंबवलेला तंबाखू मिसळलेले. पहिल्याचा डबा उघडताच चॉकलेटचा वास येतो, पण ओढताना तो कुठेच सापडत नाही. दुसरे सपक वाटते. तिसऱ्याने उचकी लागते आणि गरगरते. तेव्हा बर्लीत लोकांना आवडते तरी काय, मिश्रण चांगले की वाईट हे ठरवायचे कसे, आणि आपल्याकडचा बिडीचा तंबाखू पाइपमध्ये चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

तक्रारी तीन दिसतात, पण त्यांचे मूळ बहुधा एकच आहे. व्हर्जिनियाच्या सवयीने आपण बर्लीतही गोडवा शोधत आहात आणि तो तिच्यात जवळजवळ नसतो. जो जाणवतो तो बाहेरून पाजलेला असतो आणि पाइप अर्ध्यावर येण्याच्या आतच ओसरतो. म्हणून डब्याच्या वासावरून किंवा पहिल्या काही झुरक्यांवरून बर्लीविषयी मत बनवू नये. बाहेरचा वास निघून गेल्यावर, बाऊलच्या, म्हणजे पाइपमध्ये तंबाखू भरायच्या खोलगट भागाच्या, मधल्या एक-तृतीयांश हिश्शात, जिभेवर आणि नाकात जे उरते तेच त्या मिश्रणाचे खरे मोल होय. काही मिश्रणांत तिथे पुष्कळ काही उरते, काहींत केवळ गरम हवा उरते.

असे का होते हे पान वाळवण्याच्या रीतीवरून कळते. व्हर्जिनियाचे पान बंद भट्टीघरात, नळ्यांतून खेळवलेल्या उष्णतेवर, साधारण आठवडाभरात वाळवतात. पान आधी पिवळे होऊ देतात, त्या काळात त्यातल्या पिष्टाची साखर होते, आणि मग उष्णता वाढवून पानातले सारे व्यवहार थांबवतात. साखर आतच अडकून पडते. अशा पानात पंधरा-वीस टक्के साखर असणे नवलाचे नाही. बर्लीचे झाड मात्र बुंध्यापासून कापतात, काठीला ओवतात आणि हवेशीर कोठारात, सावलीत, चार ते आठ आठवडे टांगून ठेवतात. कापल्यानंतरही पान काही दिवस जिवंत असते, त्याचे श्वसन चालू असते आणि त्या श्वसनात ते स्वतःचीच साखर संपवते. कोठारातून उतरते तेव्हा त्यात साखर नावापुरती राहिलेली असते. निकोटिन आणि नत्रयुक्त द्रव्ये मात्र भरपूर असतात. कोठारातील हवा फार कोरडी असली तर हे बदल पुरे होण्याआधीच पान वाळून पिवळट-हिरवे राहते, आणि फार दमट असली तर टांगल्या जागी कुजते. फाल्गुन-चैत्रातली आपली मराठवाड्याची हवा या कामाला किती निरुपयोगी ठरेल, हे त्यावरून लक्षात यावे.

आज पांढरी बर्ली म्हणून ओळखला जाणारा वाण १८६४ साली अमेरिकेतील ओहायो राज्याच्या ब्राऊन काउंटीत, केंटकीतून आणलेल्या बियाण्यात, अनपेक्षितपणे दिसून आला. रोपांत हरितद्रव्य इतके कमी होते की ती रोगट वाटावीत. पण वाळलेले पान हलके, सच्छिद्र आणि कमालीचे शोषक निघाले. हा शोषकपणा तंबाखूच्या कारखानदारांना फार सोयीचा ठरला. कोको, ज्येष्ठमध, काकवी, साखर, रम, जे पाजावे ते पान पिऊन घेते. या पाजण्याला केसिंग म्हणतात, आणि सगळ्यात शेवटी वरून जो सुगंध फवारतात त्याला टॉपिंग. आपल्या पहिल्या डब्यातला चॉकलेटचा वास या दोहोंतून आलेला आहे. त्यातला बराचसा भाग डबा उघडणाऱ्याच्या आणि शेजारी बसलेल्याच्या नाकासाठी असतो, ओढणाऱ्याच्या जिभेपर्यंत तो फारसा पोहोचत नाही. तो तोंडात सापडला नाही म्हणून मिश्रण वाईट ठरत नाही आणि डब्यात दरवळला म्हणून चांगलेही ठरत नाही.

आता गरगरण्याकडे वळू. तंबाखू मळताना त्यात चुना का घालतात, हे आपल्याकडे खेड्यातल्या कोणालाही विचारा. चुन्याशिवाय तंबाखू ‘लागत’ नाही, असे तो सांगेल. चुना अल्कधर्मी असतो. त्याच्या संगतीत निकोटिन मोकळे होते आणि गालाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने रक्तात उतरते. बर्लीच्या धुरात नेमके हेच घडते. व्हर्जिनियाच्या धुरात साखर जळून तयार झालेली आम्ले असतात, त्यामुळे तिथे निकोटिन बांधलेले राहते आणि तोंडातून कमी शोषले जाते. बर्लीत साखर नाही, उलट अमोनियासारखी द्रव्ये अधिक आहेत, म्हणून धूर अल्कतेकडे झुकतो आणि छातीत न घेताही अंगात भिनतो. उचकी, घाम, मळमळ, गरगरणे ही सारी निकोटिन जास्त झाल्याची लक्षणे आहेत. साखर खाल्ल्याने बरे वाटते असे पाइप ओढणारे सांगतात, पण खरा उपाय पाइप खाली ठेवून मोकळ्या हवेत बसणे हाच आहे. भरल्या पोटी ओढणे आणि लहान बाऊल वापरणे, या दोन गोष्टींनी बहुतेकांचा हा त्रास टळतो.

धूर छातीत घेत नाही म्हणजे आपण सुरक्षित, हा पाइपवाल्यांमधला समज याच कारणाने फोल ठरतो. तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कर्करोग पाइपनेही होतो. बर्लीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जाणून असावी. या पिकाला नत्र भरपूर देतात, पानात नायट्रेट साठते आणि सावलीत वाळताना सूक्ष्म जीवाणू त्याचे नायट्राइट करतात. त्यातून तंबाखूतील विशिष्ट नायट्रोसअमाइने तयार होतात. त्यांपैकी एनएनएन आणि एनएनके या दोहोंना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात ठेवले आहे, आणि भट्टीत वाळवलेल्या पानापेक्षा बर्लीत त्यांचे प्रमाण सहसा अधिक असते. डब्यावर ‘नैसर्गिक’ किंवा ‘काहीही न पाजलेले’ असे लिहिल्याने यात फरक पडत नाही. जो ओढत नाही त्याने हे वाचून सुरू करू नये. जो ओढतो त्याला मिश्रण जोखण्यासाठी आठवड्यातून एक-दोन छोटे बाऊल पुरे होतात. त्याहून जास्त ओढल्याने पारख वाढत नाही, जीभ मात्र बधिर होते.

जोखण्याची तयारी तंबाखूच्या ओलाव्यापासून होते आणि मराठवाड्यात या एका बाबीने निम्मा निकाल लागतो. परदेशी जाणकार लिहितात की फ्लेक मोडून अर्धा-पाऊण तास उघडा ठेवावा. ते त्यांच्या हवेसाठी ठीक आहे. एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीच्या पुढे असताना, लातूर-परभणीच्या दुपारी तेवढ्या वेळात तंबाखूचा चुरा होतो. आणि श्रावण-भाद्रपदातल्या झडीत तोच तंबाखू दिवसभर ताटलीत पसरून ठेवला तरी ओलसरच राहतो. त्यातही उन्हाळ्यात पाण्याचा कूलर चालू असलेली खोली आणि बाहेरचा ओटा या दोन वेगळ्या हवा आहेत, हे विसरू नये. घड्याळावर न जाता बोटांवर जावे. चिमूटभर तंबाखू दाबून सोडला असता तो सावकाश उलगडला पाहिजे. गोळा तसाच राहिला तर ओला आहे. दाबताना कुरकुरला तर फार कोरडा आहे. काही स्वस्त अमेरिकी मिश्रणांत प्रोपिलीन ग्लायकॉल घातलेले असते. ते ओलावा धरून ठेवते, त्यामुळे असा तंबाखू बोटांना कधीच पुरता कोरडा लागत नाही. तिथे ही कसोटी फसते आणि एक बाऊल ओढूनच पाहावे लागते.

आपला फ्लेक सपक वाटतो, त्याचे कारण माझ्या मते हा ओलावाच असावा. डब्यातून काढलेला फ्लेक बहुधा ओढण्यास योग्य त्याहून ओला असतो. ओल्या तंबाखूचा धूर म्हणजे निम्मी वाफ. तिने जीभ पोळते, चव येत नाही, पाइप वारंवार विझतो, आणि तो पेटता ठेवण्यासाठी आपण जोराने ओढू लागलो की उरलीसुरली चवही करपते. फ्लेक पूर्ण चुरून, पसरून, व्हर्जिनियाला ठेवता त्याहून किंचित अधिक कोरडा करून पाहावा. मात्र कोरडेपणाही हद्दीत हवा. सच्छिद्र पान मुळातच भरभर जळते. ते कडक वाळले तर धूर तीक्ष्ण आणि पोकळ होतो. वाळून गेलेल्या तंबाखूवर पाणी शिंपडू नये, त्याने बुरशी येते. तो भांड्यात पसरून वरून ओले पण पिळलेले फडके, तंबाखूला टेकणार नाही असे बांधावे आणि दर तासाने हाताला लावून पाहावे.

कापाचा परिणामही बर्लीत इतर तंबाखूंपेक्षा ठळक दिसतो. फितीसारखा बारीक काप लवकर पेटतो आणि लवकर तापतो, म्हणून तो जरा घट्ट भरावा व झुरके विरळ घ्यावेत. चौकोनी तुकड्यांचा काप, ज्याला क्यूब कट म्हणतात, बर्लीसाठीच जन्मला असावा असे मला वाटते. तो बाऊलमध्ये ओतायचा, वरून किंचित दाबायचा आणि पेटवायचा. पेटायला वेळ लावतो, पण नंतर शांत, थंड आणि दीर्घकाळ जळतो. जिभेला लवकर पोळणाऱ्यांनी तिथूनच आरंभ करावा.

पाइप कोणता घ्यावा, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण जोखताना तो टाळता येत नाही. ज्या ब्रायरच्या (लाकडी) पाइपमध्ये आपण वर्षानुवर्षे सुवासिक मिश्रणे ओढली, त्याच्या भिंतीत ते वास मुरलेले असतात. त्यात बर्ली भरली तर जुना व्हॅनिलाच बोलेल. मक्याच्या कणसाचा पाइप या कामी उत्तम. अमेरिकेत मिसूरी राज्यातील वॉशिंग्टन या गावी १८६९ पासून हे पाइप बनवणारा कारखाना आहे, आणि बर्ली व कणसाचा पाइप ही जोडी तिकडे घरोघरची मानली जाते. नवा कणसाचा पाइप पहिल्या काही वेळा स्वतःचाच गोडसर वास देतो, तो गेल्यावर मगच जोखायला बसावे. नंतर मात्र तुलना करायची मिश्रणे त्याच एका पाइपमध्ये, दिवसाच्या त्याच सुमारास ओढावीत. ठेचा-भाकरी किंवा येसरची आमटी जेवून लगेच बसू नये. पोट भरलेले हवे, पण जिभेवरचा जाळ उतरलेला हवा. गोड चहाही त्या वेळी नको, साधे पाणी जवळ ठेवावे.

पेटवल्यावर पहिल्या एक-तृतीयांश हिश्शाकडे ऐकीव गोष्टीसारखे पाहावे. तिथे केसिंग बोलते. त्यातला गोडवा पानाशी जुळलेला आहे की वर तरंगतो आहे, एवढेच टिपावे. मधला हिस्सा सुरू झाला की झुरके आणखी मंद करावेत आणि अधूनमधून तोंडातला थोडा धूर, छातीत न नेता, मागून नाकाकडे वळवून सोडावा. बर्लीची चव निम्म्याहून अधिक नाकातच आहे; जिभेवर ती कोरडी, किंचित कडवट आणि बरीच अबोल असते. चांगल्या पानात इथे भाजलेल्या शेंगदाण्यासारखा खमंगपणा, गोड न केलेल्या कोकोचा कडवट गोलवा आणि तळाशी वाळल्या कडब्याचा स्वच्छ वास मिळतो. हे तीनही एकदम मिळतीलच असे नाही, आणि मिळाले तरी ठळक नसतात. बर्ली आवडणारे लोक ज्यावर प्रेम करतात तो हाच कोरडा खमंगपणा. व्हर्जिनियाचा रस चढत-उतरत जातो, बर्ली बराच वेळ एका पट्टीत राहते. काहींना हा कंटाळा वाटतो आणि तो रुचीचा प्रश्न आहे, दोषाचा नव्हे.

दोष कोणते, ते वेगळे सांगतो. नाकात अमोनियाची झोंबणारी तिडीक आली तर पान पुरते मुरलेले नाही. हिरवट, कच्च्या पाल्यासारखी चव आली तर ते घाईने वाळले आहे. मधल्या हिश्शात पुठ्ठा जळल्यासारखी रिकामी चव आली तर केसिंगच्या आड निकृष्ट पान लपवलेले असावे. सुवासिक पुड्यांत हा प्रकार अनेकदा आढळतो. तळाशी चिकट, गोडसर ओल जमली तर पाक अति झाला आहे. शेवटचा हिस्सा तीव्र होणारच, त्यावरून गुण कमी करू नयेत. तो कडू आणि ओला झाला की थांबावे, तळापर्यंत ओढण्याची सक्ती नाही. राख पांढरी आली म्हणजे तंबाखू उत्तम, असे पुष्कळ जण मानतात. राखेचा रंग मुख्यतः पानातल्या खनिजांवर अवलंबून असतो. पोटॅशियम भरपूर आणि क्लोराइड कमी असले की पान नीट जळते व राख फिकट येते. तेव्हा राखेवरून ज्वलनाविषयी थोडेफार कळते, चवीविषयी काही नाही.

मिश्रणातल्या सोबत्यांविषयी फार लांबवत नाही. व्हर्जिनिया बर्लीला गोडवा देते आणि बर्ली तिला अंग देते. अमेरिकी ‘हाफ अँड हाफ’चे नाव याच दोन पानांच्या जोडीवरून आले. पेरिक हा लुइझियानातील सेंट जेम्स परगण्यात, पिंपांत दाबाखाली स्वतःच्याच रसात आंबवलेला तंबाखू. तो मिरी आणि सुक्या आलुबुखाऱ्याची आठवण देणारा तिखट-आंबट स्वर आणतो. बर्लीच्या कोरडेपणावर तो फार शोभतो, पण हात सैल सुटला तर बाकी सारे झाकून टाकतो. आपण इतकी वर्षे जी सुवासिक मिश्रणे ओढली त्यांतही बर्ली होतीच, असे समजायला हरकत नाही. काळा कॅव्हेन्डिश हा पानाचा वाण नसून वाफ आणि दाब देण्याची प्रक्रिया आहे, आणि ती बर्लीवरही सर्रास करतात.

नावेच हवी असतील तर निव्वळ पानाची ओळख व्हावी म्हणून सोलानीचा एज्ड बर्ली फ्लेक किंवा वेसेक्सचा बर्ली स्लाइस यांपैकी एखादा घ्यावा. माझा कल पहिल्याकडे आहे, त्यातला कोकोचा स्वर मधल्या हिश्शातही टिकतो. जुन्या अमेरिकी घरगुती वळणाचे म्हणजे प्रिन्स अल्बर्ट, जो १९०७ पासून बाजारात आहे, किंवा कार्टर हॉल. हे सौम्य आहेत आणि त्यांच्याकडून फार खोलीची अपेक्षा करणे त्यांच्यावर अन्याय होईल. कॉर्नेल अँड डीलचे हॉन्टेड बुकशॉप हे पेरिकयुक्त, जोरकस मिश्रण. ते सवय झाल्यावरच हाताळावे.

बिडीच्या तंबाखूविषयी माझे उत्तर नकारार्थी आहे. निपाणी भागात किंवा गुजरातेत आणंदच्या बाजूला होणारा बिडीचा तंबाखू उन्हात वाळवलेला, जाड, निकोटिनने भारी असतो आणि तो बारीक कणांच्या रूपात विकला जातो. टेंभुर्णीच्या पानात वळून चार-सहा झुरक्यांत संपवण्यासाठी तो घडलेला आहे. पाइपमध्ये ते कण हवेची वाट बंद करतात, मधूनच निखाऱ्यासारखे तापतात आणि गरगरण्याचा त्रास आपल्याला आहे त्याहून वाढेल. आपल्या देशात बर्ली होते, नाही असे नाही. आंध्र प्रदेशात गुंटूरच्या पश्चिमेला विनुकोंडा परिसरात तिची लागवड आहे. पण ते पान सिगारेटच्या कारखान्यांकडे आणि निर्यातीकडे जाते, पाइपसाठी कापून, मुरवून, दाबून ते आपल्या दुकानात येत नाही. कच्चे पान मिळवून घरी प्रयोग करण्याचा मोह काहींना होतो. त्यात मुरवण्याचे काम महिनोन्महिने चालते आणि ते साधले नाही तर वर सांगितलेली अमोनियाची तिडीक ठरलेली आहे.

साठवणुकीसाठी रबरी कड्याच्या झाकणाची काचेची बरणी वापरावी. लोणच्याची चिनी मातीची बरणी दिसायला सुरेख असली तरी हवा पुरती अडवत नाही. बरणी कपाटात, अंधारात ठेवावी. व्हर्जिनियाप्रमाणे बर्लीही वर्षानुवर्षे ठेवली की पालटेल, या आशेने ती साठवू नये. तिच्यात पालटण्याजोगी साखरच नसल्याने ती फक्त थोडी मऊ होते.

आता आपल्याकडच्या तीन मिश्रणांचा क्रम. आधी फ्लेक, चुरून आणि नीट कोरडा करून, कणसाच्या पाइपमध्ये ओढावा, म्हणजे पानाची मूळ चव ओळखीची होईल. ती ओळखीची होईतो पहिले, चॉकलेटच्या वासाचे मिश्रण बरणीत न ठेवता त्याच्याच डब्यात, झाकण किंचित उघडे ठेवून राहू द्यावे. उन्हाळा असेल तर दोन दिवस, पावसाळा असेल तर आठवडाभर. वरचा सुगंध उडाला की त्याखालचे पान कसे आहे ते दिसेल. पेरिकचे मिश्रण शेवटी, जेवणानंतर तासाभराने, सगळ्यात लहान बाऊलमध्ये घ्यावे. त्यानेही पुन्हा उचकी लागली तर ते टाकून देऊ नये. त्याचा एक भाग आणि चुरलेल्या फ्लेकचे दोन भाग एका बरणीत एकत्र करून ती पंधरा दिवस बंद ठेवावी आणि मगच उघडावी.